दोन पायऱ्या मागे

"हे कुणी केलं?" फरीदाआपांनी विचारलं.

"मीच."

"कुठे शिकलीस?"

"एक व्हिडिओ बघितला."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे बघितलं. चिपळूणच्या बाजारात, एका छत्री दुरुस्तीवाल्याच्या शेजारी त्यांचं चिंचोळं दुकान होतं. परकार कॉम्प्युटर्स. आपांची पन्नाशी उलटली होती. नवरा कुवेतला असताना त्यांनी आयटीआय करून हे दुकान उघडलं, आधी रेडिओ, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. नवरा परत आला तेव्हा त्यानेच गल्ल्यावर बसायला सुरुवात केली, कारण दुरुस्तीतलं त्याला काही कळत नव्हतं.

माझा कॉम्प्युटर त्यांच्या टेबलावर आडवा पडला होता, बाजूचं झाकण उघडलेलं. मी तो सकाळी रिक्षात मांडीवर घेऊन आले होते.

"दोनशेने वाढवलंस?" आपा म्हणाल्या. "एकदम?"

"व्हिडिओत त्याने अडीचशे केलं होतं."

"त्याचं कार्ड नवं असेल. तुझं चार वर्षांचं आहे. आणि आत बघ जरा."

मी वाकून बघितलं. पंख्याच्या पात्यांवर आणि मागच्या पत्र्याच्या फटींमध्ये करड्या धुळीची जाड गोधडी बसली होती.

"नाक दाबलेल्या माणसाला तू पळायला लावलंस," आपा म्हणाल्या. "पडणार नाही तर काय?"

मला रडू येत होतं. शुक्रवार होता, सकाळचे साडेदहा वाजले होते. सोमवारी दुपारी तीन वाजता मला सडेकोंडच्या शाळेत अख्ख्या गावापुढे एक फिल्म दाखवायची होती, आणि त्या फिल्मचं एकही धड चित्र माझ्याकडे तयार नव्हतं.

सडेकोंड माझं माहेर. दोन वर्षांपूर्वी तिथे डोंगराची माती खाली आली. अकरा घरं गेली आणि पाच माणसं गेली. उरलेल्या घरांत राहणं धोक्याचं म्हणून सगळ्या त्रेचाळीस कुटुंबांना रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवलं. माझा दादा अनंत, सुगंधावहिनी आणि त्यांच्या दोन मुली त्यातल्याच एका शेडमध्ये होते. उन्हाळ्यात पत्र्याला हात लावता येत नसे. पावसात आत बोललेलं ऐकू येत नसे. दोन वर्षं अशीच गेल्यावर शेवटी नव्या वसाहतीची जागा ठरली, दुसऱ्या एका डोंगराच्या पायथ्याला, पाणंदीच्या पलीकडे. सोमवारी लोकांनी हात वर करून संमती द्यायची आणि पुढच्या शुक्रवारी भूमिपूजन.

मी चिपळूणला घरांचे नकाशे काढायचं काम करायचे. डिप्लोमा झाला होता, लग्न झालं होतं, नवरा बोटीवर होता. घरं बांधणाऱ्या कंत्राटदाराचे इंजिनीअर गायधनी यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्या गावच्या लोकांना नकाशा कळत नाही. कागद उलटा धरून बघतात. घरं कशी दिसतील याची तुम्ही एक फिल्म करून द्या, घरात शिरल्यासारखी."

काम मी हौसेने घेतलं. घरं उभी केली, ओटे केले, स्वयंपाकघरातल्या खिडक्या केल्या. रत्नागिरीच्या एका कॉलेजच्या मुलांनी लेसर लावलेला ड्रोन उडवून त्या डोंगराची, गवताखालच्या जमिनीसकट, मोजणी केली होती, ते लाखो आकडेही मी मिळवले आणि त्यातून डोंगर जसाच्या तसा उभा केला. प्रत्येक घळ, प्रत्येक उंचवटा. तिथेच मी फसले. तीन मिनिटांच्या फिल्मसाठी साडेचार हजार चित्रं लागत होती, आणि डोंगरामुळे एकेका चित्राला माझ्या कॉम्प्युटरला सत्तर सेकंद लागत होते. हिशेब केला तर फिल्म सोमवारी सकाळी जेमतेम पूर्ण झाली असती, तीही मध्ये एकदाही वीज गेली नाही तर.

कॉम्प्युटरमध्ये ही चित्रं तयार करतं ते ग्राफिक्स कार्ड. कंपनी त्याला एक वेग ठरवून देते. पण एक छोटासा प्रोग्राम असतो, त्यातली पट्टी उजवीकडे सरकवली की कार्ड ठरलेल्या वेगाच्या पुढे पळतं. ओव्हरक्लॉकिंग म्हणतात त्याला. गुरुवारी दुपारी मी ती पट्टी एकदम दोनशे मेगाहर्ट्झने सरकवली. पहिला अर्धा तास मी स्वतःवर खूश होते. मग चित्रांत पांढरे, जांभळे ठिपके यायला लागले. भिंतीवर ठिपके, आभाळात ठिपके. घाबरून मी गायधनींना फोन केला.

"साहेब, मशीनमध्ये गडबड आहे. चित्रांवर ठिपके येतायत. सभा दोन दिवस पुढे ढकलता येईल का?"

"अशक्य. प्रांतसाहेबांची वेळ घेतलीय," ते म्हणाले. "तुम्ही तो डोंगर काढून टाका ना मॅडम. मागे नुसता हिरवा रंग भरा. लोकांना घरं बघायचीत, डोंगर काय नवा आहे?"

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. त्यानंतर दहा मिनिटांनी स्क्रीन काळी झाली.

हे सगळं मी आपांना सांगितलं. त्या एका बारीक ब्रशने धूळ काढत ऐकत होत्या.

"मग काढ की डोंगर," त्या म्हणाल्या. "दुपारपर्यंत कार्ड साफ करून देते. जुन्या वेगाने, डोंगराशिवाय, उद्या फिल्म तयार."

"वहिनीने विचारलं होतं," मी म्हणाले. "उंबऱ्यात उभं राहिलं की डोंगर किती जवळ दिसेल म्हणून. तिची चुलत जाऊ गेली त्या मातीत. मी तिला हिरवा रंग कसा दाखवू?"

आपांचा ब्रश थांबला. त्यांनी नवऱ्याला हाक मारली. "अहो, आज दुसरं काही घेऊ नका. कुणी आलं तर उद्या या म्हणावं."

मग त्यांनी कार्ड बाहेर काढलं. त्याचे स्क्रू एका वाटीत ठेवले, वरचं जड धातूचं आवरण उचललं. आतल्या चौकोनी चिपवर कधीकाळी ओली असलेली पेस्ट खडूसारखी वाळली होती. ती उष्णता बाहेर न्यायची असते. आपांनी ती स्पिरिटच्या कापसाने पुसली आणि तांदळाच्या दाण्याएवढी नवी पेस्ट लावली. पंखा धुतल्यासारखा स्वच्छ केला. पॉवर सप्लायवरचा आकडा बघितला, कागदावर बेरीज केली आणि म्हणाल्या, "वीज पुरेल. हे आधी बघायचं असतं, नंतर नाही."

कार्ड जागेवर बसवून त्यांनी ते जुन्याच वेगाने चालवलं. माझं एक चित्र त्यावर टाकलं. एकसष्ट सेकंद.

मी उडालेच. "आपा, काही न वाढवता नऊ सेकंद?"

"आधी ते गरम होऊन आपोआप हळू चालत होतं. तुला वाटलं कार्ड कमजोर आहे. ते गुदमरत होतं." त्यांनी ड्रॉवरमधून एक दोनशे पानी वही काढली, पट्टीने चार रकाने आखले. वेग, तापमान, वेळ, आणि चौथ्यावर लिहिलं: ठिपके. "आता वाढवू. पंधरा-पंधराने. प्रत्येक पायरीला वीस मिनिटं त्याला दमवायचं, आणि तू डोळे स्क्रीनवरून हलवायचे नाहीस. एक जरी ठिपका दिसला तर सांगायचं. व्होल्टेजला मी हात लावणार नाही आणि तूही लावायचा नाहीस."

"वीस मिनिटं? प्रत्येक वेळी?"

"घाई असेल तर घरी जा."

मी बसले. कार्डाला दमवणारा एक प्रोग्राम होता, त्यात एक केसाळ चक्र सतत फिरत राहायचं. त्याच्याकडे बघून बघून डोळे दुखायला लागले. पंधरा. तापमान अडुसष्ट, ठिपके नाहीत. तीस. एकोणसत्तर, नाहीत. आपा प्रत्येक ओळ लिहायच्या आणि पुढे वेळ टाकून मला सही करायला लावायच्या. मला ते अति वाटत होतं. आपांच्या नवऱ्याने डब्यातली माशाची आमटी आणि भात दोघींपुढे ठेवला, तो मी स्क्रीनकडे बघतच खाल्ला. पंचेचाळीस. साठ. पंचाहत्तर. नव्वद. अजून ठिपका नव्हता. एकशे पाचला सतराव्या मिनिटाला डावीकडे एक जांभळा कण चमकला आणि गेला.

"दिसला," मी म्हणाले.

आपांनी लिहिलं. "किती?"

"एक. कदाचित दोन."

"मग झालं. पंचाहत्तरवर आण."

"पण आपा, नव्वदला काहीच नव्हतं! एक पायरी मागे या ना. माझे तीन तास वाचतील."

"दोन पायऱ्या."

"का पण? नव्वदने जळणार तर नाही ना?"

आपांनी पेन खाली ठेवलं. "जळालेलं कार्ड मला परवडतं. ते बंद पडतं, कळतं. जळायच्या बऱ्याच अलीकडे एक जागा असते, तिथे कार्ड चालू असतं, तापमान बरोबर असतं, आणि मधूनच ते खोटं चित्र काढतं. आज वीस मिनिटांत खोटं बोललं नाही म्हणून साठ तासांत बोलणार नाही असं मी म्हणू शकत नाही. पंचाहत्तरला म्हणू शकते. आता पंचाहत्तरवर दोन तास चालू दे, मग घेऊन जा."

"अजून दोन तास!"

छत्रीवाल्याला आपांनी काही तरी विचारलं आणि त्याच्याशी पावसाळ्याआधीच्या मालाबद्दल बोलत बसल्या. मी मनातल्या मनात त्यांना खूप नावं ठेवली. दोन तास मी ते केसाळ चक्र बघितलं. एकही ठिपका आला नाही.

निघताना त्यांनी माझ्या रिक्षात दुकानाचा इन्व्हर्टर ठेवला. "वीज गेली तर सगळं पुन्हा करावं लागेल. सोमवारी परत आण." आणि वहीची ती दोन पानं फाडून माझ्या हातात दिली. "हे पण ठेव. पुढे कधी वाढवायचं झालं तर लागेल."

शुक्रवारी पाच वाजता मी फिल्म लावली. एक चित्र बावन्न सेकंद. शनिवारी सकाळी आपांचा फोन आला. "तापमान?" "बहात्तर." "खिडकी उघडी आहे ना? टेबलफॅन मागच्या बाजूला लाव." रविवारी जेवायच्या वेळेला पुन्हा फोन. "तापमान?" एवढंच. वीज दोनदा गेली, इन्व्हर्टरने सांभाळलं. सोमवारी सकाळी दहा वाजता साडेचार हजारावं चित्र पूर्ण झालं. मी पूर्ण फिल्म दोनदा बघितली, ठिपक्यांसाठी. ठिपका नव्हता. मी इतकी आनंदात होते की ठिपक्यांशिवाय मला दुसरं काही दिसलंच नाही.

शाळेच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या होत्या. समोरच्या भिंतीवर पांढरी चादर. सगळं गाव आलं होतं, बायका पुढे सतरंजीवर, पुरुष मागे उभे. प्रांतसाहेब आणि गायधनी खुर्च्यांवर. मी फिल्म सुरू केली.

मी ते कधी विसरणार नाही. पहिलं घर दिसलं आणि पुढच्या बायका गुडघ्यांवर उठल्या. मग कुणी तरी म्हणालं, "ह्यो वटा बगा!" मग सगळेच बोलायला लागले. स्वयंपाकघर आलं तेव्हा सुगंधावहिनीने पदर तोंडाला लावला. तिची धाकटी म्हणाली, "आये, खिडकी हाय," आणि बायका हसल्या. उंबऱ्यातून डोंगर दिसला, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. सगळे नीट बघत होते. तो त्यांच्या ओळखीचा डोंगर होता. कुणी करवंदीची जाळी दाखवली, कुणी गुरांची वाट.

शेवटच्या अर्ध्या मिनिटात मी कॅमेरा वर नेला होता. वरून सगळी वसाहत दिसावी म्हणून. सकाळचं तिरपं ऊन ठेवलं होतं, घरांच्या सावल्या छान पडतात.

"थांबव गो ता," कुणी तरी म्हणालं.

चंद्राकाकू होती. पासष्टीची, शेळ्या राखणारी, दादाच्या शेडच्या शेजारची.

"मागं घे जरा. हां. ह्या काय हाय?"

ती उठून चादरीजवळ गेली आणि बोट ठेवलं. घरांच्या बरंच वर, डोंगराच्या खांद्यावर, एक बारीक काळी रेघ होती. विळ्यासारखी वाकलेली. मी ती तीन दिवसांत एकदाही बघितली नव्हती.

"ही भेग हाय," चंद्राकाकू म्हणाली. "दिवाळीत माजी शेळी अडकली व्हती तिथं. मला वाटलं खड्डा हाय. ही तर ह्या टोकापासून त्या टोकाला गेलीय."

खोलीत कुजबुज सुरू झाली. प्रांतसाहेबांनी गायधनींकडे बघितलं.

"नाही हो आजी," गायधनी हसत म्हणाले. "ती कॉम्प्युटरची चूक आहे. अशा रेघा, ठिपके येतात. मॅडमच मला गुरुवारी म्हणाल्या, मशीन बिघडलंय, चित्रांवर ठिपके येतायत. हो ना मॅडम?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

ते खोटं बोलत नव्हते. मी तसं म्हणाले होते. आणि मी फक्त हो म्हणायची खोटी होती. शुक्रवारी भूमिपूजन झालं असतं. पावसाच्या आधी पाया झाला असता. दादा मागच्या भिंतीशी उभा होता. त्याने माझ्याकडे बघून अगदी थोडी मान हलवली. हो म्हण. दोन वर्षं पत्र्याखाली काढलेला माणूस होता तो. वहिनी अजून पदर तोंडाशी धरून त्या भिंतीवरच्या खिडकीकडेच बघत होती, जी आता तिथे नव्हती.

रेघ खरंच चुकीची असेल तर? मला डोंगरातलं काय कळतं? पण मशीनचं मला कळत होतं. गेल्या शुक्रवारी चार तासांहून जास्त मी डोळे न हलवता ते बघितलं होतं.

"ठिपके येत होते," मी म्हणाले. "गुरुवारी. त्यानंतर चिपळूणच्या एका बाईंकडून कार्ड दुरुस्त करून घेतलं. ही फिल्म त्यानंतरची आहे."

"अहो, पण चूक राहू शकते ना," गायधनी म्हणाले.

"मशीनची चूक एका चित्रात येते आणि पुढच्या चित्रात दुसरीकडे जाते, नाही तर नाहीशी होते. हे बघा." मी एकेक चित्र पुढे घेतलं. कॅमेरा सरकत होता, घरं सरकत होती, आणि रेघ डोंगराच्या त्याच जागेला चिकटून होती. शंभर चित्रं. दोनशे. ऊन ज्या बाजूने होतं तिच्या उलट बाजूला तिची सावली पडत होती. "मशीन इतक्या वेळा एकाच जागी एकच चूक करत नाही. आणि करू नये म्हणून आम्ही त्याचा वेग मुद्दाम दोन पायऱ्या कमी ठेवला. ही त्याची नोंद." मी पर्समधून ती दोन पानं काढली आणि प्रांतसाहेबांच्या हातात दिली. त्यांनी पानं वाचली. प्रत्येक ओळीपुढे वेळ आणि सही.

"मग मोजणीत चूक असेल," गायधनी म्हणाले. पण आता त्यांचा आवाज खाली आला होता.

"चला की मग," चंद्राकाकू म्हणाली. "अर्ध्या तासाची वाट हाय. दावते."

आम्ही पंधरा-वीस जण चढलो. चारची वेळ, फेब्रुवारीचं ऊन. गायधनींचे बूट घसरत होते, त्यांना दादाने हात दिला. वर वाळलेलं गवत छातीएवढं होतं. काकूने काठीने ते बाजूला केलं.

जमीन एक वीत खाली बसली होती. पायरीसारखी. पायरीच्या तळाशी भेग होती, बोटभर रुंद, कुठे हातभर. काकूने काठी आत सोडली. काठी हातातून सुटेपर्यंत गेली आणि तळाला लागल्याचा आवाज आला नाही. गवत बाजूला करत आम्ही डावीकडे चाललो. ती संपेना. खाली पायथ्याला चुन्याने आखलेले घरांचे चौकोन दिसत होते.

गायधनी भेगेच्या कडेला उकिडवे बसले आणि त्यांनी आत हात घालून बघितला. मग ते उठले, प्रांतसाहेबांकडे वळले आणि म्हणाले, "साहेब, इथे मी घरं बांधणार नाही. पंचनाम्यावर पहिली सही माझी घ्या." त्या माणसाबद्दल मला आजही आदर वाटतो.

पुढचं मात्र सोपं नव्हतं. भूमिपूजन रद्द झालं. भूगर्भाचा अभ्यास करणारे लोक आले, त्यांनी जागा नाकारली. नवी जागा शोधायला, मोजायला, मंजूर व्हायला चौदा महिने गेले. आणखी दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे गाव पत्र्याखाली राहिलं. चंद्राकाकूला कुणी काही बोललं नाही, पण माझ्याबद्दल बोलले. शहरात राहून शहाणपण शिकवते, म्हणाले. सुगंधावहिनीने माझ्याशी बोलणं टाकलं. मी भाऊबीजेला गेले तेव्हा तिने पाट मांडला, ताट तयार करून दिलं आणि शेडच्या मागे जाऊन भांडी घासत बसली. दादा म्हणाला, "तुझं बरोबर होतं. पण तिला खिडकी दाखवून तू काढून घेतलीस."

आपांना मी सगळं सांगितलं होतं, इन्व्हर्टर परत द्यायला गेले तेव्हा. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं झालं." मग टेबलावरच्या उघड्या प्रिंटरकडे वळल्या.

त्यानंतर आठ महिन्यांनी नवी वसाहत सड्यावर उभी राहिली, सपाट जागी, त्या डोंगरापासून दोन किलोमीटरवर. गाव राहायला गेलं. मला वास्तूचं आमंत्रण दादाने फोनवर दिलं. वहिनीने नाही.

त्याच्या पुढच्या जुलैत, एका दुपारी मी नकाशा काढत बसले होते तेव्हा फोन वाजला. सुगंधावहिनी. तिने मला स्वतःहून फोन करून दोन वर्षं होऊन गेली होती.

"वन्सं," ती म्हणाली आणि थांबली. तिचा श्वास लागला होता. "तो डोंगर आला खाली. आत्ता. आम्ही ओट्यावर होतो. रेल्वे गेल्यासारखा आवाज आला."

"कुणाला काही…"

"कुणी नव्हतंच तिथे. कोण असणार?" आणि मग ती रडायला लागली, मोठ्याने, लहान मुलासारखी. मागून कुणाचे तरी आवाज येत होते. "पोरी शाळेतून येऊन झोपल्या होत्या, वन्सं. ह्या वेळेला झोपलेल्याच असतात त्या."

मीही रडले. रडणं आवरल्यावर ती म्हणाली, "त्या बाई कोण? तुझ्या मशीनवाल्या. त्यांना घेऊन ये."

पाऊस ओसरल्यावर एका रविवारी मी आपांना घेऊन गेले. त्या यायला तयार नव्हत्या. "मी काय केलं? धूळ काढली," म्हणत होत्या. शेवटी त्यांचा नवरा म्हणाला, "जा ग. मी दुकान बघतो," आणि त्यावर त्या हसल्या, कारण तो काय बघणार हे दोघांनाही माहीत होतं.

आम्ही सड्यावर उतरलो तर वसाहतीच्या तोंडाशी बायका उभ्या होत्या. सुगंधावहिनी पुढे आली. तिला कार्ड, वेग, ठिपके यातलं काही कळत नव्हतं. तिने काही तरी बोलायचं ठरवलं होतं, ते तिला आठवेना. तिने आपांचा हात दोन्ही हातांत धरला आणि तसाच धरून त्यांना घरात नेलं. स्वयंपाकघर दाखवलं. खिडकी उघडून दाखवली. ओल्या नारळाची वडी हातावर ठेवली.

"चला आता, बसू जरा," मी म्हणाले.

"बसताय कुठे?" शेजारची म्हणाली. "आमच्याकडे यायचंय."

तिच्याकडे गेलो. मग तिच्या शेजारी. प्रत्येक दारात बाई उभी होती, प्रत्येक घरात आपांनी आत यायचं होतं, चूल बघायची होती, मुलांची नावं ऐकायची होती आणि काही तरी तोंडात टाकायचं होतं. कुणी भाषण केलं नाही. एका म्हाताऱ्याने फक्त आपल्या झोपलेल्या नातवावरची चादर बाजूला करून त्याला दाखवलं आणि पुन्हा पांघरूण घातलं. आपा प्रत्येक घरात जाऊन भिंतीला तळहात लावायच्या, एवढंच मी बघितलं.

साडेपाच वाजता त्या चंद्राकाकूच्या ओट्यावर टेकल्या. चपला काढल्या, पोटऱ्या दाबल्या. त्यांचा चेहरा दमून लाल झाला होता.

"अजून किती घरं?" त्यांनी विचारलं.

"अकरा," चंद्राकाकू म्हणाली. "नसेल जमत तर ऱ्हाऊ दे."

आपांनी चपला पायात घातल्या आणि उठल्या.